सत्तर निश्चय आणि एक खरेदीखत

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपून घरी परतताना मनाशी काही निश्चय करण्याची प्रथा आपल्या मंडळ्यांत रूढ आहे. नित्य शास्त्रवाचन, रागावर ताबा, वेळेचा सदुपयोग. यादी बहुधा ठरलेली असते. अशा याद्यांच्या इतिहासात जोनाथन एडवर्ड्‌स यांच्या यादीपाशी आम्हांस थांबावे लागते.

१७२२ साली न्यूयॉर्क येथील एका लहानशा प्रेस्बिटेरियन मंडळीत उपदेशकाचे काम करीत असता, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी आपले निश्चय लिहावयास आरंभ केला. १७२३ च्या ऑगस्टपर्यंत त्यांची संख्या ७० झाली. (नववर्षाशी त्यांचा संबंध नव्हता, इंग्रजी वसाहतींत कायद्याचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई.) एक क्षणही वाया दवडावयाचा नाही, हातून दुष्कृत्य घडल्यास त्याच्या मूळ कारणापर्यंत माग काढावयाचा, रोज रात्री, तसेच आठवडा, महिना व वर्ष यांच्या अखेरीस आपण कोठे उणे पडलो हे तपासावयाचे. देवाच्या साहाय्यावाचून आपल्याच्याने काही होणार नाही, हे त्यांनी प्रारंभीच लिहून ठेवले होते. तरीही १७४० च्या सुमारास आत्मवृत्त लिहिताना, त्या काळी आपली भिस्त स्वतःच्या बळावर फार होती व पुढे ती आपणास हानिकारक ठरली, अशी कबुली त्यांनी दिली. हा बोध वारंवार सांगितला जातो आणि विषय तेथेच मिटला असे मानले जाते. आम्हांस तसे वाटत नाही.

१७३१ च्या जूनमध्ये, नॉर्थॅम्प्टनचे पाळक असताना, एडवर्ड्‌स यांनी न्यूपोर्ट बंदरात ८० पौंड मोजून व्हीनस नावाची सुमारे चौदा वर्षांची आफ्रिकी मुलगी विकत घेतली. तिचे खरेदीखत उपलब्ध आहे. रोज रात्री अंतःकरण तपासण्याचा निश्चय केलेल्या या मनुष्याने ही खरेदी कधी दोषांत धरल्याचे दिसत नाही. यादीत तेच येते जे यादी करणाऱ्याला आधीच खुपत असते. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे वेतन आपल्यापैकी कितीजणांच्या निश्चयांत आले असेल?

दोष दाखविणारे कोणी नव्हते असेही नाही. १७४१ च्या सुमारास शेजारच्या एका मंडळीतील काही लोकांनी आपल्या पाळकाला गुलाम बाळगल्याबद्दल जाब विचारला. पाळकाशी त्यांचे इतरही तंटे होते, म्हणून त्यांचा हेतू निर्मळ होता असे म्हणवत नाही. पण प्रश्न खरा होता. एडवर्ड्‌स यांनी त्या पाळकाच्या बचावाचा मसुदा लिहिला. आफ्रिकेतून नवे गुलाम आणण्याचा व्यापार मात्र त्यांनी त्यातच गैर ठरविला. एवढे दिसूनही स्वतःच्या घरातील गुलामगिरीपर्यंत त्यांची दृष्टी पोहोचली नाही. १७४२ च्या मार्चमध्ये त्यांच्या मंडळीने उभे राहून देवाशी करार केला, त्यात शेजाऱ्याला न फसविण्याचे वचन होते. त्या शेजाऱ्यांत व्हीनसची गणना झाली नाही. १७५८ साली एडवर्ड्‌स वारले, तेव्हा त्यांच्या मालमत्तेच्या यादीत टायटस नावाच्या एका कृष्णवर्णीय मुलाची नोंद झाली.

त्यांच्याच घरी राहून शिकलेले सॅम्युएल हॉपकिन्स १७७० मध्ये न्यूपोर्टला पाळक म्हणून गेले. व्हीनस जेथे विकली गेली त्याच गावी त्यांनी गुलामगिरीविरुद्ध उपदेश केला, आणि १७७६ साली त्याच विषयावर एक संवाद छापून प्रसिद्ध केला. एडवर्ड्‌स यांचे पुत्र, तेही जोनाथनच, यांनी १७९१ मध्ये न्यू हेवन येथे गुलामगिरी हा अन्याय असल्याचे उघड प्रतिपादन केले. हॉपकिन्स यांच्यासमोर उपासनेस बसणाऱ्यांत गुलामांच्या व्यापारावर पोसलेली कुटुंबे होती.