गठ्ठे वाटून केलेलं भाषांतर

दहावीच्या मराठीचे पेपर मी बरीच वर्षं तपासले. एकेकीच्या वाट्याला गठ्ठे यायचे, ते तपासून नियामकांकडे परत द्यायचे. प्रत्येक उत्तरपत्रिका स्वतंत्र, म्हणून तर काम असं वाटता येतं. पण एखादीचा गठ्ठा राहिला की सगळ्यांचंच घोडं अडायचं. हे आधी सांगायचं कारण पुढे येईल.

२०११ साली आमचा भाचा एम.टेक. करत होता (नाव लिहिलं तर रागावेल). एक दिवस कागदांची चळत घेऊन आला. "मावशी, तुझं व्याकरण पक्कं आहे, एवढं तपासून दे." कॉलेजात आठ कॉम्प्युटर एकमेकांना जोडून त्यांच्यावर त्याने इंग्रजीचं मराठी करणारं सॉफ्टवेअर चालवलं होतं. त्याचं नाव मोझेस. मी लाल पेन काढलं आणि पहिल्याच पानावर पेनातली निम्मी शाई संपली!

हे सगळं आलं कुठून, म्हणून त्याला खोदून खोदून विचारलं आणि मग स्वतःही वाचत गेले.

७ जानेवारी १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएमने यंत्राकडून रशियन वाक्यांचं इंग्रजी करून दाखवलं. यंत्र एकच, आयबीएम ७०१. शब्द २५०, व्याकरणाचे नियम फक्त ६. लेऑन डोस्टर्ट म्हणाले, तीन ते पाच वर्षांत काम फत्ते. ते काही झालं नाही. १९६६ मध्ये एल्पॅक समितीचा प्रतिकूल अहवाल आला आणि अमेरिकेत या कामाचा पैसा आटला. त्या साली मी मॅट्रिकला, प्रयोग आणि समास घोकत होते.

पुढचं वाचून मला खरं तर वाईट वाटलं. आयबीएममध्येच फ्रेडरिक जेलिनेक यांच्या गटाने नियम शिकवणंच सोडून दिलं. कॅनडाच्या संसदेचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत छापतात. ती वाक्यं जोडीजोडीने यंत्रापुढे ठेवायची, आणि कुठल्या शब्दासमोर कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजायचं. कर्ता नाही, कर्म नाही, नुसती मोजदाद! त्यांच्या १९९३ च्या लेखात १७ लाखांहून जास्त जोड्या आहेत. जन्मभर मी "मुलाने आंबा खाल्ला" आणि "मुलाने कैरी खाल्ली" यांतला फरक फळ्यावर लिहून दाखवला, तो या मंडळींना नकोच होता.

पण मग लक्षात आलं, ती लाखो वाक्यं आभाळातून पडलेली नव्हती. संसदेतल्या भाषांतरकारांनी ती एकेक करून लिहिली होती. व्याकरण होतं, ते त्यांच्या डोक्यात. त्यांची नावं मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

मोजदाद वाढली तसं एका यंत्राला ते झेपेना. २००७ साली गूगलच्या लोकांनी एका लेखात सांगितलं, की दोन लाख कोटी शब्दांचा मजकूर त्यांनी १,५०० यंत्रांवर साधारण एका दिवसात मोजून काढला. मोझेसही त्याच साली जगापुढे आलं. एडिनबरोच्या फिलिप कोन यांचा त्यात मोठा वाटा, आणि ते कुणालाही फुकट वापरता येत होतं. म्हणून तर ते आमच्या भाच्यापर्यंत पोचलं.

त्याची पद्धत म्हणजे थेट आमचे गठ्ठे. वाक्यांचे आठ भाग करायचे, आठ यंत्रांना द्यायचे, शेवटी उत्तरं क्रमाने चिकटवायची. यंत्राला वळण लावताना तीच वाक्यं पुनःपुन्हा करून घ्यायची, आणि आठही यंत्रांचं झाल्याशिवाय पुढची फेरी नाही. एक यंत्र रात्रीतून बंद पडलं की सकाळी सगळंच जागच्या जागी. "तुमचा नियामक बसलाय वाट बघत," मी म्हटलं.

आता चूक कुठली ते सांगते. इंग्रजीत होतं, 'द चेअर इज ओल्ड. इट इज ब्रोकन.' यंत्राने लिहिलं, 'खुर्ची जुनी आहे. तो मोडलेला आहे.' तो कोण? मी विचारलं, दुसरं वाक्य दुसऱ्या यंत्राकडे गेलं होतं का? तो हसला. "एकाच यंत्राकडे गेलं असतं तरी हेच झालं असतं. मागचं वाक्य विसरूनच ते पुढचं घेतं." विसरतं, म्हणूनच काम वाटता येतं! उत्तरपत्रिकांचं ठीक आहे, पण गोष्टीतलं दुसरं वाक्य पहिल्याचा हात धरून येतं.

मे २०१३ मध्ये गूगलच्या भाषांतरात मराठी आली, २०१७ मध्ये तिथे मराठीसाठी नवी न्यूरल पद्धत आली. आताची यंत्रं अख्खा परिच्छेद एकदम वाचू शकतात. परवा तीच दोन वाक्यं मोबाइलवर घातली तर 'ती' बरोबर आली.

भाच्याकडची जोडवाक्यं जेमतेम काही हजार होती, बहुतेक आरोग्याची आणि पर्यटनाची. त्यामुळे यंत्राला जुलाब यायचे, देवळं यायची, पण रुसणं कुठून येणार? असो. मी सुधारून दिलेली चारशे वाक्यं त्याने पुन्हा यंत्रात घातली. म्हणजे कॅनडातल्या त्या मंडळींच्या पंगतीत एक पान माझंही. मानधन म्हणून पेढ्यांचा पुडा मिळाला, बोर्डाच्या बिलापेक्षा लवकर.