नोंद गावाची, दप्तर कुणाचे?

गोंदिया जिल्ह्यातल्या माजी मालगुजारी तलावांचा विषय निघाला की कौतुक होते ते बांधणीचे. कोहळी समाजाने घातलेल्या पाळी आणि नवेगाव बांधचा विस्तार पाहता ते रास्तच आहे. पण मातीची पाळ पाणी अडवते, वाटून देत नाही. कोणत्या बांधीला म्हणजे भातखाचराला आधी पाणी, मासे कुणी धरायचे, गाळ कुणी काढायचा, हे ठरलेले होते म्हणून तलाव पिढ्यान्‌पिढ्या चालले. या ठरावांची नोंद कुणी ठेवली आणि ती कुणाला पाहता आली, हाही तलावांच्या इतिहासाचाच भाग आहे. नोंद ठेवणारा हा तिचा धनी नव्हे, हे तत्त्व या मुलखाला टप्प्याटप्प्याने शिकावे लागले, आणि ते आजही तितकेच लागू आहे.

1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्यानंतरच्या पहिल्या जमीनबंदोबस्तात इंग्रज सरकारने मालगुजारांना गावाची मालकी दिली. तेव्हा गोंदियाचा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. सारा गोळा करणारा माणूस तलावाचा आणि पडीक जमिनीचाही मालक झाला. मात्र त्याच बंदोबस्तात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा कागदही तयार झाला. गावच्या वहिवाटी त्यात लिहिल्या गेल्या आणि मालकाच्या मर्जीपलीकडे रयतेचे काही हक्क आहेत, हे सरकारदप्तरी मान्य झाले. उणीव होती ती नोंद पाहण्याच्या वाटेत. पटवारी गावात वावरायचा तो मालगुजाराच्या वजनाखाली आणि बहुतेक रयत निरक्षर होती. हक्क कागदावर होता. कागद वाचून दाखवणारा मात्र बहुधा दुसऱ्या बाजूचा असे.

तत्कालीन मध्य प्रदेश सरकारच्या 1950 च्या कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालक बदलला, पण केवळ तेवढ्याने नोंद गावाच्या हाती आली नाही. त्या दिशेने पाऊल पडले ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये. तिच्या कलम 160 ते 167 मधल्या तरतुदी फक्त विदर्भासाठी आहेत. कलम 161 नुसार निस्तार पत्रकाचा, म्हणजे गावच्या पडीक जमिनीच्या समाईक वापराच्या आराखड्याचा, मसुदा गावात प्रसिद्ध करायचा आणि रहिवाशांची इच्छा जाणून घेऊनच तो कायम करायचा. कलम 165 मधल्या वाजिब-उल-अर्जात पाण्याच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या वहिवाटी नोंदवायच्या, आणि नोंद चुकली असे वाटणाऱ्याला एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. लिहिणारा जिल्हाधिकारी, पण खरेखोटे करण्याचा अधिकार गावकऱ्यालाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने निस्तारासारखे सामूहिक हक्क मान्य केले, तेव्हा या जुन्या कागदांना पुराव्याचे मोल आले. ज्या गावाच्या हाती नक्कल होती, त्याला आपला दावा मांडणे सोपे गेले.

यावर आक्षेप येतो की दप्तर सर्वांना खुले केले तर खाडाखोड होईल, आणि नोंद ठेवणे हे जाणकाराचेच काम आहे. जाणकार हवाच, हे मान्य. पण पाहण्याचा अधिकार आणि बदलण्याचा अधिकार एकच मानल्यामुळे ही भीती वाटते. जमिनीच्या नोंदीतल्या फेरफाराची रीत पाहा. तलाठी नोंद घेतो, चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना कळवले जाते, हरकतीसाठी मुदत असते, आणि नोंद प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, हरकत घेणारा तिसरा. या रीतीतही दिरंगाई होते, चिरीमिरीच्या तक्रारी होतात. पण तो दोष अंमलबजावणीचा आहे, आणि तो उघडा पडतो तोही नक्कल लोकांच्या हाती असल्यामुळेच. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून घरबसल्या मिळू लागला, त्यामुळे तलाठ्याचे काम संपले नाही. मक्तेदारी तेवढी सैल झाली.

हाच प्रश्न आता नव्या दप्तरात उभा आहे. गोंदियातला राइस मिलवाला वेबसाइट बनवून घेतो. कोण आले, कुठून आले, काय पाहिले, याचा हिशेब गूगल ॲनालिटिक्समध्ये साठत जातो. ते खाते अनेकदा वेबसाइट बनवणारा स्वतःच्याच ईमेलवर उघडतो आणि मिलवाल्याला महिन्याकाठी एक अहवाल पाठवतो. करार तुटला की वर्षानुवर्षांचा हिशेब त्याच्याबरोबर जातो. मिलवाल्यासारख्या ग्राहकाला यातले काही कळत नाही, असे सांगितले जाते; रयतेबद्दलही हेच सांगितले जात होते. ग्राहकाच्या हातून चुकून काही बिघडेल ही काळजी खरी आहे, पण त्यासाठीच प्रशासक, संपादक आणि दर्शक अशा पायऱ्या त्या खात्यात दिलेल्या आहेत. खाते धंद्याच्या मालकाच्या ईमेलवर उघडावे आणि प्रशासकाचा अधिकार त्याच्याकडे कायम असावा. वेबसाइट बनवणाऱ्या कारागिराला कामापुरता अधिकार द्यावा आणि काम संपताच तो काढून घ्यावा. ज्याला रोज सेटिंग बदलायची नाहीत, त्या मालकाने दर्शक म्हणून दुसरे खाते वापरावे. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. हिशेब दोघांनाही दिसतो, तेव्हा प्रामाणिक कारागिराचे कामही आपोआप सिद्ध होते, आणि उद्या वाद झालाच तर त्यालाही त्याच नोंदीचा आधार मिळतो.