उघड्या आकाशाखालचे संगीत

संगीताच्या एखाद्या प्रकाराला नाव मिळते ते बहुधा त्याच्या तालावरून, वाद्यावरून किंवा ते जोपासणाऱ्या समाजावरून. बॅलिआरिक नृत्यसंगीताची गोष्ट निराळी आहे. त्याला स्वतःचा असा ताल नाही, ठरावीक वाद्यमेळ नाही. त्याचे नाव एका द्वीपसमूहावरून पडले, आणि त्याचे मर्मही त्यांतील एका बेटावरच्या उन्हात व मोकळेपणात आहे.

स्पेनच्या पूर्वेस, भूमध्य समुद्रात, इबिझा हे सुमारे ५७० चौरस किलोमीटरचे बेट आहे. प्राचीन काळी फिनिशियन व्यापाऱ्यांनी येथे वस्ती केली. पुढे शेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर बेट शतकानुशतके जगले. १९६० नंतर युरोप-अमेरिकेतील हिप्पी तरुण येथे येऊ लागले. त्यांतील कित्येकांचा हिवाळा गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर जाई आणि उन्हाळा इबिझात. हणजुण्याचा बुधवारचा बाजार अनेक मराठी प्रवाशांच्या परिचयाचा आहे. इबिझातील एस कनार येथील हिप्पींचा बाजारही १९७३ पासून बुधवारीच भरत आला आहे. अशा या बेटावर नाना देशांचे आणि नाना भाषांचे लोक एकत्र येत. त्यांना एकाच वेळी नाचवावयाचे, तर कोणत्याही एका देशाचे संगीत पुरे पडणारे नव्हते.

हे काम ज्याने साधले तो मूळचा बेटावरचा नव्हता. मार्च १९७६ मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली. त्या वर्षी रोसारिओ शहरातील आल्फ्रेदो फियोरितो हा तरुण पत्रकार देश सोडून निघाला आणि इबिझात येऊन पोहोचला. मिळेल ते काम करीत असता एका बारमध्ये त्याला तबकड्या वाजविण्याची गोडी लागली. १९८४ च्या सुमारास तो 'अ‍ॅम्नेशिया' या नृत्यशाळेत रुजू झाला. ही नृत्यशाळा एका जुन्या शेतघरात होती, आणि तिच्या नृत्यांगणावर छत नव्हते.

प्रारंभी तेथे फारसे कोणी फिरकत नसे. एका पहाटे, मजुरीची वाट पाहत थांबलेल्या नोकरवर्गासाठी आल्फ्रेदोने तबकड्या लावल्या. दुसऱ्या नृत्यशाळेतून परतणारे लोक तो आवाज ऐकून थबकले आणि आत आले. पुढच्या रात्री ते अधिक संख्येने आले. त्यानंतर अ‍ॅम्नेशियाची खरी वेळ पहाटेचीच झाली, अशी हकिकत सांगितली जाते.

त्या पहाटेने संगीताची निवड बदलली. डोक्यावर तारे विझत आहेत, हळूहळू ऊन चढत आहे, अशा वेळी केवळ धडाडणारा ताल कानाला सोसत नाही. आल्फ्रेदो शिकागोच्या हाउस संगीतामागून इंग्लंडमधील 'द वुडनटॉप्स' या रॉक वाद्यवृंदाची तबकडी लावी, तिच्यामागून जमैकाचे रेगे किंवा एखादे लॅटिन गीत. बर्लिनच्या मानुएल ग्योट्शिंगने १९८१ मध्ये एकट्याने मुद्रित केलेली, जवळजवळ तासभर चालणारी 'ई२-ई४' ही रचनाही पुढे याच परंपरेत मानाने गणली गेली. संथ लय, मागे रेंगाळणारे स्वर आणि त्यांवर निवांत विहरणारी गिटार हे तिचे गुण बॅलिआरिक संगीताची ओळख बनले. १९८९ मध्ये इटलीत तिच्याच आधारावर 'सुएन्यो लातिनो' ही नृत्यरचना निघाली.

१९८७ च्या उन्हाळ्यात पॉल ओकनफोल्ड, डॅनी रॅम्पलिंग, निकी हॉलोवे आणि जॉनी वॉकर हे लंडनचे चार तरुण अ‍ॅम्नेशियात आले आणि भारावून परतले. रॅम्पलिंगने त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमधील एका व्यायामशाळेत 'शूम' सुरू केले. पाहता पाहता ती लाट ब्रिटनभर पसरली. तिच्याबरोबर एक्स्टसी हे मादक द्रव्यही पसरले आणि त्यापायी काही तरुणांनी प्राण गमावले. उत्साहाच्या वर्णनात ही नोंद गाळता येत नाही.

लंडनमध्ये बॅलिआरिक तबकड्यांच्या याद्या तयार झाल्या, परंतु याद्यांत ते संगीत मावणारे नव्हते. कोणती तबकडी, हा प्रश्न दुय्यम होता. कोणत्या प्रहरी आणि कोणत्या तबकडीनंतर, हे महत्त्वाचे होते. हे मर्म जाणणाऱ्यांत बार्सेलोनाचा होसे पादिया होता. सांत आंतोनीच्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावरील 'काफे देल मार' येथे तो १९९१ पासून सूर्यास्ताला साजेल असे संगीत लावू लागला. १९९४ मध्ये त्याच्या निवडीचा पहिला संग्रह निघाला आणि इबिझाची संध्याकाळ जगभर घरोघरी पोहोचली.

त्याच सुमारास इबिझात आवाजाच्या तक्रारी वाढल्या आणि नृत्यशाळांवर छते चढली. अ‍ॅम्नेशियाचे अंगणही झाकले गेले. पर्यटनाचा व्यापार वाढला आणि 'बॅलिआरिक' हा शब्द विक्रीच्या मालावरची चिठ्ठी झाला. पादिया २०२० मध्ये आणि आल्फ्रेदो डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तला.

परंतु ज्या देशात बोलणे धोक्याचे झाले होते तेथून निघालेल्या एका पत्रकाराने परक्या बेटावर, परक्या लोकांसाठी, सगळ्या देशांची गाणी एका अंगणात आणून बसविली. कोणते गाणे आपले आणि कोणते परके, हे त्याने कोणाला विचारले नाही. ते अंगण आज झाकलेले आहे; त्याची ही रीत मात्र कोणत्याही छताखाली चालविता येण्याजोगी आहे.