डीबी-१ की डीबी-२?

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब डॉट कॉमवर जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. त्या रात्री तिथे झालेल्या बिघाडाच्या मूळ नोंदी जागतिक वेळेत आहेत. इथल्या वेळा भारतीय घड्याळाच्या.

रात्री १०.५०
एक अभियंता चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, काढून चाचणीच्या सर्व्हरवर चढवतो. असा स्नॅपशॉट २४ तासांतून एकदा आपोआप निघतो. आज त्याला चाचणीसाठी ताजा डेटा हवा आहे, म्हणून हा त्याने हाताने काढला. बॅकअप घ्यावा असे त्याच्या मनातही नाही.

रात्री १२.३०
डेटाबेसवरचा भार वाढू लागतो. संशय स्पॅमवर. आठवडाभर असे होतच होते, फक्त इतके नाही. अनेकांच्या कमेंट पोस्ट होत नाहीत. भाराचे आणखी एक कारण मागाहून सापडले: गैरवापराच्या तक्रारीवरून कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचे खाते चुकून काढून टाकायच्या रांगेत गेले होते आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचे काम मागे चालू होते.

पुणे जिल्ह्यातल्या अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी या वेळी प्रोजेक्ट घेऊन बसला असेल, तर त्याच्या टर्मिनलमध्ये गिटचे, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचे, दोन आदेश असतील. ‘गिट ॲड’ने तो कोणते बदल नोंदवायचे ते निवडतो. ‘गिट कमिट’ने ते नोंदले जातात: फाइलींची त्या क्षणाची स्थिती, त्याचे नाव, वेळ, आधीच्या कमिटचा धागा आणि बदल का केला हे सांगणारा त्याचा संदेश. या सगळ्यावरून ४० अक्षरांची एक खूण तयार होते. संदेशातले एक अक्षर बदलले तरी खूण बदलते. याला इंटरनेट लागत नाही. पूर्ण इतिहास त्याच्याच लॅपटॉपवर असतो. ‘गिट पुश’ केले की तो गिटलॅबसारख्या सर्व्हरवरही जातो.

पहाटे ४.३०
गिटलॅबचे डेटाबेस सर्व्हर दोन. डीबी-१ मुख्य, डीबी-२ त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत. भारामुळे डीबी-२ मागे पडला, आणि त्याला लागणाऱ्या नोंदी डीबी-१ने तोवर काढूनही टाकल्या. प्रत थांबली. उपाय एकच: डीबी-२ची डेटा डिरेक्टरी रिकामी करून नव्याने प्रत घ्यायची.

अभियंता नेदरलँड्समध्ये आहे. तिथे मध्यरात्र. उशीर झाला, आता थांबतो, असे तो मघाशी म्हणाला होता.

प्रत घेणारी आज्ञा आधी प्रतींसाठी राखलेल्या जोडण्या कमी पडतात म्हणून अडते. तो त्यांची मर्यादा ३२ करतो. मग डेटाबेस सुरूच होत नाही. एकूण ८,००० जोडण्यांची मर्यादा २,०००वर आणावी लागते. आता आज्ञा चालते, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. ती मुख्य सर्व्हरची वाट बघत थांबते आणि तसे सांगत नाही, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते.

डिरेक्टरी पूर्ण रिकामी नसेल, असे त्याला वाटते. तो ती पुसायचा आदेश देतो.

एक-दोन सेकंदांत त्याचे लक्ष जाते. टर्मिनल डीबी-१चे आहे.

पहाटे ४.५७
तो आदेश तोडतो. सुमारे ३१० जीबीपैकी साडेचार जीबी उरले आहेत.

त्यानंतर
बॅकअप शोधणे सुरू होते. रोजचा बॅकअप ॲमेझॉनच्या साठवणीत जायला हवा. तिथे काहीच नाही. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, बॅकअप घेणारे साधन ९.२चे, त्यामुळे ते रोज बंद पडत होते. बंद पडल्याचे ईमेलही निघत होते, पण त्यांवर आवश्यक सही नसल्याने ते परत फिरवले जात होते. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधले डिस्क-स्नॅपशॉट फाइल सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेस सर्व्हरसाठी नाहीत.

हाती राहतो तो रात्री १०.५०चा, चाचणीसाठी काढलेला स्नॅपशॉट.

१ फेब्रुवारी, दिवसभर
चाचणी सर्व्हरच्या डिस्क संथ. कॉपी तासन्‌तास चालते. गिटलॅब हे सारे यूट्यूबवर थेट दाखवते आणि आपल्या कामाच्या नोंदीही सगळ्यांना वाचायला खुल्या ठेवते. मला हे फार मोलाचे वाटते. वरच्या वेळा त्यामुळेच लिहिता आल्या.

रात्री ११.४४
साइट पुन्हा उघडते.

सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० कमेंट आणि ७०० नवी खाती यांना या घटनेची झळ बसली. गिटची भांडारे, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास, वेगळ्या सर्व्हरवर होती, ती शाबूत राहिली. ज्याने ती उतरवून घेतली होती त्याच्याकडे पूर्ण प्रतही होती. म्हणजे त्या रात्री एखादी ओळ का बदलली याचे कारण कमिटच्या संदेशात लिहिणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी जागेवर सापडले. तेच कारण १०.५०नंतर साइटवरच्या कमेंटमध्ये लिहिणाऱ्याला ते पुन्हा लिहावे लागले.