ऋद्धपूरच्या म्हाताऱ्या

म्हातारी हें पात्र आमच्या कथावाङ्मयांत जितकें जुनें, तितकेंच उपेक्षित आहे. अकोल्यास ज्या वाड्यांत आमचें बालपण गेलें, तेथें रात्रींच्या गोष्टींत म्हातारी दोनच रूपांनीं येई. भोपळ्यांत बसून वाघाच्या हातावर तुरी देणारी, हें एक रूप. आणि गांवाबाहेर एकटी राहून पोरांना नजर लावणारी चेटकीण, हें दुसरें. दोघींतील भेद पाहूं गेल्यास इतकाच कीं, पहिलीस लेक होती आणि दुसरीस कोणीच नव्हतें!

विलायतेंतही याहून वेगळें नाहीं. शेक्सपीअरनें ‘मॅक्बेथ’ नाटकांतील तिघी चेटकिणींस भगिनी म्हटलें, पण त्यांस घर दिलें नाहीं. टेरी प्रॅचेट या विनोदी कादंबरीकारानें १९८८ सालीं ‘वीअर्ड सिस्टर्स’ या अद्भुत कथेंत दोन वयस्क व एक तरुण अशा तीन चेटकिणी रंगविल्या. त्यांस घरें दिलीं, स्वभाव दिले, आणि मुख्य म्हणजे भांडणें दिलीं. त्याबरोबर वाचक भिण्याऐवजीं हसूं लागला, व रक्ताचें नातें नसतांही या बायका खऱ्या बहिणी आहेत, हें त्यास पटलें. ही झाली कल्पित कथा. परंतु अशाच तऱ्हेचा एक खराखुरा संसार सातशेंहून अधिक वर्षांपूर्वीं आमच्या वऱ्हाडांत नांदून गेला, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें.

अमरावती जिल्ह्यांतील मोर्शी तालुक्यांत ऋद्धपूर म्हणून गांव आहे. महानुभाव पंथाची ती काशी. तेराव्या शतकांत तेथें गोविंदप्रभु ऊर्फ गुंडम राऊळ राहत. लहानपणींच पोरके झालेले, आप्तांनीं वाढविलेले. कोणी त्यांस वेडे म्हणत, कोणी देव म्हणत. चक्रधरस्वामींचे ते गुरु. इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर दृष्टीआड झाल्यावर नागदेवाचार्यांसह शिष्यपरिवार या वृद्ध गुरूच्या सेवेस ऋद्धपुरीं आला. त्यांत स्त्रियाही होत्या. त्यांतील अग्रणी महदाइसा. ती नागदेवांची चुलत बहीण, बालविधवा, आणि प्रश्न विचारण्यांत कोणा पंडितासही हार न जाणारी. या स्त्रियांच्या नांवांस जोडलेला ‘आइसा’ हा आदराचा प्रत्यय आम्हांस फार बोलका वाटतो. ज्या काळीं विधवेस घरांत कोपरा मिळे, त्या काळीं येथें तिला मान मिळाला.

हा संसार सोंवळा व गंभीर होता, असें मात्र कोणीं समजूं नये. गोविंदप्रभूंचें चरित्र उघडून पाहावें. राऊळ कोणाच्याही घरांत शिरत, मडक्यांत हात घालीत, रागावले म्हणजे मरणाचीच शिवी देत. एकदां त्यांनीं धिरड्याचा हट्ट धरला. महदाइसेनें तें करून वाढलें, तर “हें धिरडें नव्हेच” म्हणून रुसले! बिचारी पुन्हां चुलीशीं बसली. पुढें म्हातारपणीं राऊळांस लग्नाची लहर आली. शहाण्यांनीं हसून सोडून दिली असती. पण या मंडळींनीं लग्नाचा थाट मांडला आणि महदाइसेनें त्या प्रसंगीं वरपक्षाचीं गाणीं, म्हणजे ‘धवळे’, रचून म्हटले. विषय घेतला रुक्मिणीस्वयंवराचा. रुक्मिणी तर विदर्भकन्या, जवळच्याच कौंडिण्यपूरची. इ. स. १२८७ च्या सुमाराच्या त्या थट्टेच्या लग्नांतून मराठीस तिची आद्य कवयित्री लाभली.

याहून मोठा लाभ गद्याचा. ऋद्धपुरींच म्हाइंभटांनीं इ. स. १२७८ च्या सुमारास चक्रधरांच्या आठवणी, ज्यांनीं त्या पाहिल्या त्यांना विचारून विचारून, ‘लीळाचरित्रा’त ग्रथित केल्या. चक्रधरांची देखरेख करणारी बाइसा तेथें आम्हांस जशी भेटते, तशी जिवंत स्त्री जुन्या वाङ्मयांत क्वचित् भेटेल. पंडित केशिराज संस्कृतांत लिहूं लागले, तेव्हां नागदेवांनीं त्यांस आवरलें. कारण असें कीं, त्यामुळें आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील. एका पंथाच्या भाषेचा निर्णय पंडितांकडे पाहून नव्हे, तर म्हाताऱ्यांकडे पाहून झाला!

अर्थात् समाजानें हें सुखासुखीं सोसलें नाहीं. चक्रधरांभोंवतीं असलेला स्त्रियांचा राबता तत्कालीन प्रतिष्ठितांस खपला नाहीं. घराबाहेर एकत्र आलेल्या बायकांविषयींचा तो संशय अद्यापि मेलेला नाहीं. एरव्हीं २०१३ सालीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा करण्याची वेळ येती ना. चेटकीण ठरते ती बहुधा एकटी, निराधार बाई.

मराठी भाषेचें विद्यापीठ आतां ऋद्धपुरासच झालें आहे, हें योग्यच झालें. तेथें जाणाऱ्या तरुणांनीं व्याकरणाबरोबर एवढें लक्षांत ठेवावें कीं, आपल्या गद्याच्या आरंभीं राजदरबार नव्हता. एक लहरी म्हातारा होता, आणि त्याचे हट्ट पुरविणाऱ्या, आपसांत बोलणाऱ्या, आठवणी जपणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. आपल्या वाड्यांतल्या एखाद्या आजीपाशीं बसून तिला बोलतें करण्याची उसंत आम्हांपैकीं किती जणांस आहे?