ब्राह्मी-सुंदरीचा वारसा आणि डॉ. कमला सोहोनी

भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषी आदी कर्मे शिकविली, हे प्रत्येक जैन घरातील मुलांना ठाऊक असते. परंतु लिपी आणि अंक या दोन विद्या त्यांनी प्रथम कोणास दिल्या, याचा विचार क्वचितच होतो. त्या विद्यांच्या पहिल्या अधिकारिणी होत्या त्यांच्या दोन कन्या, ब्राह्मी आणि सुंदरी. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी रचलेल्या आदिपुराणात हा प्रसंग आला आहे. उजव्या हाताने ब्राह्मीला लिपी व डाव्या हाताने सुंदरीला अंक शिकविले, अशी परंपरा सांगते. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही आम्नायांत या दोन भगिनींचे स्थान आदराचे आहे. गणित हे सर्व शास्त्रांचे मूळ मानले, तर भारतीय परंपरेत शास्त्राची पहिली विद्यार्थिनी सुंदरी होय.

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्ञानदानाच्या कार्याचा आढावा घेताना या वारशाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्याबरोबरच विसाव्या शतकातील एका मराठी विदुषीचे चरित्रही नजरेसमोर ठेवणे उचित ठरेल. त्या जन्माने जैन नव्हत्या. तथापि त्यांनी केलेले कार्य शाकाहारी कुटुंबाच्या स्वयंपाकघरापर्यंत आणि प्रामाणिक व्यापाऱ्याच्या दुकानापर्यंत पोहोचणारे आहे. त्या विदुषी म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

बंद दरवाजा

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजेच आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले होते. थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासक व लेखिका म्हणून महाराष्ट्राला सुपरिचित झाल्या व १९७५ च्या कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. अशा विद्याप्रेमी घरात वाढलेल्या कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र घेऊन पहिल्या क्रमांकाने मिळविली. वडील व काका जेथे शिकले तेथेच संशोधन करावे, या हेतूने त्यांनी बंगळूरला अर्ज केला.

त्या वेळी संस्थेच्या संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळविणारे रामन हे अवघ्या देशाचे भूषण होते. परंतु स्त्रिया संशोधनास पात्र नाहीत, या समजुतीने त्यांनी हा अर्ज फेटाळला. गुणपत्रिकेत उणे काहीच नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढीच उणीव होती.

तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता. कमलाबाईंनी संचालकांच्या कार्यालयापुढे सत्याग्रहाचाच मार्ग पत्करला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष परीक्षेचे समजले जाईल. कामाचा दर्जा संचालकांना पटल्याखेरीज ते काम मान्य होणार नाही. आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होईल असे वर्तन होता कामा नये. कोणत्याही पुरुष विद्यार्थ्यास असे काही लिहून द्यावे लागले नव्हते. कमलाबाईंनी अपमान गिळला व श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली काम सुरू केले. वर्ष सरले तेव्हा त्यांच्या कामाने रामन यांचे समाधान झाले होते, आणि त्यानंतर संस्थेची दारे स्त्रियांसाठी उघडली. १९३६ साली कमलाबाई विशेष प्राविण्यासह एम. एस्सी. झाल्या.

उतारवयात, १९९७ साली, भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या कार्यक्रमात त्यांनी या प्रसंगाची आठवण सांगितली. रामन थोर वैज्ञानिक होते हे मान्य करूनही, केवळ स्त्री म्हणून मिळालेली ती वागणूक आपण कधीच विसरू शकलो नाही, असे त्यांनी स्पष्टपणे बोलून दाखविले. सहा दशकांनंतरही तो सल पुसला गेला नव्हता.

बटाट्यातील श्वास

पुढे शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. डॉ. डेरेक रिक्टर व नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी वनस्पतींच्या पेशींवर काम केले. बटाट्यावर प्रयोग करीत असता वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ नावाचे द्रव्य असते, असे त्यांना आढळले. पेशी प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून ऊर्जा मिळविते, त्या क्रियेत हे द्रव्य महत्त्वाचा दुवा असते. प्राण्यांच्या पेशींत जे घडते, तेच वनस्पतीतही घडते, हा त्या शोधाचा अर्थ. या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच. डी. मिळाली. त्यापूर्वी १९३१ साली जानकी अम्मल यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली होती. या दोघींची नावे भारतीय स्त्रियांच्या विज्ञानप्रवासात अग्रभागी आहेत. याच केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवीचे संपूर्ण हक्क मात्र १९४८ साली दिले. म्हणजे संकुचितपणा केवळ भारताचाच होता असे नव्हे.

कंदमुळांचा त्याग करणाऱ्या जैन वाचकास बटाट्यावरील या संशोधनाचे कुतूहल वाटावे. वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव असून त्यास चार प्राण असतात व त्यांत श्वासोच्छ्वास हा एक होय, असे जैन दर्शन सांगते. प्रयोगशाळेने आगम सिद्ध केला, असे म्हणणे घाईचे होईल. दोन्हींच्या पद्धती व प्रयोजने भिन्न आहेत. मात्र वनस्पतीही श्वसन करणारा जीव आहे, ही जाणीव ज्या समाजाच्या आचारात मुरलेली आहे, त्या समाजाने हे संशोधन करणाऱ्या स्त्रीचे नाव आदराने घ्यावे, हे योग्यच आहे.

डाळ, दूध आणि नीरा

परदेशात राहण्याऐवजी कमलाबाई १९३९ साली मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख आणि त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व पुढे तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईत त्यांनी संशोधनासाठी जे विषय निवडले, ते सामान्य माणसाच्या ताटातील होते. कडधान्ये हा शाकाहारी कुटुंबाच्या प्रथिनांचा मुख्य आधार. प्रथिने पचविण्यासाठी शरीरात ट्रिप्सिन नावाचे पाचकद्रव्य असते. कच्च्या कडधान्यांत त्याच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात. उष्णतेने ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील या घटकांचा कसून अभ्यास केला. डाळ नीट शिजवावी, हा आजीचा नियम. त्यामागील कारण प्रयोगशाळेने दाखविले.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडवृक्षाच्या नीरेवर काम हाती घेतले. आदिवासी भागातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांच्या संशोधनातून दिसून आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या प्रतीविषयी सल्ला दिला. संस्थेच्या संचालकपदाचा त्यांचा हक्क मात्र काही वर्षे डावलला गेला. उशिरा का होईना, ते पद त्यांना लाभले व त्यांनी ते समर्थपणे सांभाळले.

विज्ञान बाजारपेठेत

निवृत्तीनंतर बहुतेक जण विश्रांती घेतात. कमलाबाईंनी आपले ज्ञान ग्राहकांच्या हाती दिले. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही ग्राहक संस्था स्थापन केली होती. कमलाबाई या संस्थेच्या कार्यात रमल्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. मुलांसाठी मराठीतूनही त्यांनी विज्ञानलेखन केले. योगायोग असा की १९६६ सालीच मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि विज्ञान मातृभाषेतून लोकांपर्यंत नेण्याच्या कार्यास संघटित रूप आले. प्रबंधाची भाषा थोड्यांना कळते. तूप, हळद आणि दूध यांतील भेसळीची भाषा प्रत्येक गृहिणीला कळते. विज्ञानप्रसाराचे खरे मर्म हेच.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ व ‘प्रतिरूपक व्यवहार’ असे दोन आहेत. पहिल्याचा अर्थ देण्याघेण्याची मापे निराळी ठेवणे. दुसऱ्याचा अर्थ अस्सल म्हणून नकली वा भेसळीचा माल देणे. ग्राहक चळवळीने विसाव्या शतकात जे मागितले, ते व्रताच्या रूपाने श्रावकाच्या दुकानात शतकानुशतके अपेक्षित होते.

याच काळातील दुसऱ्या एका विदुषीचे स्मरण येथे होते. अ‍ॅना मणी १९४० साली बंगळूरला रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या. हिरे व माणके यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर त्यांनी काम केले, शोधनिबंध लिहिले. परंतु एम. एस्सी. पदवी नसल्याचे कारण देऊन त्यांना डॉक्टरेट नाकारली गेली. १९४८ साली त्या पुण्यास हवामान खात्यात रुजू झाल्या व देशी हवामानयंत्रे घडविण्यात त्यांनी आयुष्य वेचले. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षाही वाईट, अशी त्यांची धारणा होती. हे वाक्य कोणत्याही सचोटीच्या पेढीवर लावून ठेवावे असे आहे.

मापाचा प्रश्न

कमलाबाईंच्या जीवनाचा बोधही याच वाक्यात सामावला आहे. १९३३ साली त्यांच्या बुद्धीला लावलेला गज आखूड होता. मुलासाठी एक माप व मुलीसाठी दुसरे, हाही हीनाधिक मानोन्मानाचाच प्रकार नव्हे काय? दुकानातील माप दुरुस्त करणारा श्रावक घरातील माप दुरुस्त न करील, तर व्रत अर्धेच पाळले गेले, असे म्हणावे लागेल.

जैन समाजाने या बाबतीत काहीच केले नाही, असे मुळीच नाही. शेठ माणिकचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईच्या श्राविकाश्रमातून, आणि पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी सोलापुरातून स्त्रीशिक्षणाचा पाया घातला. विधवा व निराधार भगिनींना अक्षरओळख करून देण्याचे ते काम त्या काळी क्रांतिकारक होते. आज समाजातील मुली पदवीधर होतात, सनदी लेखापाल व डॉक्टर होतात. परंतु विज्ञानात दीर्घ संशोधन करावयाचे झाले, तर पाच-सात वर्षे धीर धरावा लागतो आणि नेमक्या त्याच वर्षांत मुलीच्या विवाहाची घाई होते. मुलाच्या पेढीला दहा वर्षे भांडवल पुरविणारे घर मुलीच्या प्रयोगशाळेला तेवढी वर्षे देत नाही. संचालकाच्या कार्यालयाचा दरवाजा १९३० च्या दशकात उघडला. घराचा दरवाजा अनेकदा आजही अर्धाच उघडा असतो.

१९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कमलाबाईंचा सत्कार आयोजित केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या व त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. आयुष्यभर थांबलेला गौरव आला तो असा, अखेरच्या क्षणी. २००८ साली भारतीय विज्ञान अकादमीने रोहिणी गोडबोले व राम रामस्वामी यांच्या संपादनाखाली भारतीय स्त्री वैज्ञानिकांच्या चरित्रांचा ‘लीलावतीज डॉटर्स’ हा ग्रंथ प्रकाशित केला. पुण्याच्या रोहिणीताई स्वतः नामांकित भौतिकशास्त्रज्ञ होत्या. त्यांचे २०२४ साली निधन झाले. अशा चरित्रांमुळे शाळकरी मुलींना आपल्या पुढे कोण चालून गेले, हे कळते.

न्यासाच्या शिष्यवृत्त्या, वाचनालये आणि पाठशाळा यांच्या पुढील पन्नास वर्षांचा विचार करताना एवढेच ध्यानात असावे, की अंकविद्या प्रथम सुंदरीच्या हाती दिली गेली होती. तो वारसा तिच्या लेकींना पुरेपूर मापाने परत करणे, हे दान नसून जुने देणे फेडणे आहे.

॥ जय जिनेंद्र ॥