अकरा मासे

बारा माशांचा एक तोळा. अकराच भरले, तर सोनं कमअस्सल. सोनाराच्या तराजूतला हा हिशोब आमच्या गावानं माणसांना लावला होता. लग्नाबाहेर जन्मलेल्याला म्हणायचे अकरमाशी.

ओढ्याकाठी असा एक म्हातारा राहायचा. गाव त्याला त्याच्या आईच्या नावानं ओळखायचं. लग्नाच्या पंगतीत तो सगळ्यांच्या मागून बसायचा. पोरांच्या नादानं मी एकदा त्याला तो शब्द ओरडून पळालो. आजीनं ऐकलं आणि तोंडातच मारली.

पुढं कितीतरी वर्षांनी तिनं कारण सांगितलं. "आरं, तुझा चुलत आजा हाय त्यो. समद्या गावाला ठावं हाय. पर नाव कुणी घ्यायचं न्हाई."

आमच्यासारख्या कुणबी घरांत विधवेला पाट लावता यायचा. त्या पोरांना कुणी नावं ठेवत नव्हतं. ज्या जातींत पुनर्विवाहच नव्हता, तिथल्या बाईला विहीर नाहीतर मूल मारणं, एवढंच उरायचं. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पण कायद्यानं घर मिळत नाही. ते जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांनी दिलं. १८६३ साली त्यांनी पुण्यात अशा बायकांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत पुढं डॉक्टर झाला.

जमिनीचं काय? शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मिळकतीत वाटा आहे, असं धर्मशास्त्र सांगत होतं. इंग्रजांच्या कोर्टांनीही ते मानलं. पण बाई कायमची ठेवलेली होती, मूल त्याच पुरुषाचं, हे शाबीत करावं लागे. म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचंच नाव चारचौघांत घ्यायचं. ओढ्याकाठच्या त्या बाईनं ते घेतलं नाही. आमच्या सातबाऱ्यावर म्हाताऱ्याचं नाव कधी लागलं नाही.

तो गेला तेव्हा आमच्या घरात कुणी सुतक पाळलं नाही. आजी मात्र तेरा दिवस गोडाला शिवली नाही. विचारलं तर म्हणाली, "दात दुखत्यात."

त्या तराजूत पोर तोललं, आई तोलली. बापाला कुणी पारड्यात घातलंच नाही. तो आमच्याच घरातला होता.